प्रस्तावना : पोहरा सोडल्याशिवाय

मे महिन्यात सांगलीला बुद्धिबळाच्या स्पर्धा सुरू झाल्या की हॉलच्या व्हरांड्यात पालक बसलेले दिसतात. आत मुले पटावर वाकलेली, बाहेर डबे, पाण्याच्या बाटल्या आणि काळजी. मुलांना शिकवणारा म्हणून या व्हरांड्यात माझी अनेक वर्षे गेली. तिथे मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच : "सर, खरं सांगा, याला डोकं आहे का?" साताऱ्यात तोच प्रश्न जरा निराळा येतो : "उपजत काही आहे का पोरात, का उगाच वेळ घालवतंय?" पालकांना आधी खात्री हवी असते. डोके असेल तर पुस्तके आणू, शिकवणी लावू, प्रवासाचा खर्च सोसू. नसेल तर शाळेचा अभ्यास बरा.

डिसेंबर 2024 मध्ये चेन्नईचा गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून हा प्रश्न मला अधिक घाईने विचारला जातो. मी तो कधी हसण्यावारी नेलेला नाही. दुष्काळी गावातून एसटीने मुलाला घेऊन आलेला बाप जेव्हा तो विचारतो, तेव्हा त्यामागे पैशाचा, वेळेचा आणि मुलाच्या भवितव्याचा हिशेब असतो. त्याला सरळ उत्तर मिळायला हवे. या पुस्तकात पुढे डाव आहेत, अंत्यडावांचे धडे आहेत, सोडवायला दिलेल्या स्थिती आहेत. त्या सगळ्याच्या आधी ही लांबलचक प्रस्तावना लिहिली, ती त्या उत्तरासाठी.

आपल्याकडे म्हण आहे : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उपजत बुद्धीची बाजू घेणारे ही म्हण हटकून सांगतात. म्हण खरीच आहे. पण ती माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या माणसाच्या कानाने ऐकली पाहिजे. तिकडे आड खोल असतात. काठावरून डोकावले तर पाणी दिसत नाही, काळोख दिसतो. पोहऱ्याला दोर बांधून तो खाली सोडावा लागतो, आणि दोर तोकडा पडला की पोहरा कोरडाच वर येतो. त्या कोरड्या पोहऱ्याकडे बघून 'आडात पाणीच नाही' असे जो म्हणतो, तो दोराचा दोष आडाच्या माथी मारतो.

प्रतिभा हे आडातले पाणी आणि अभ्यास हा दोर, असे मी मानतो. सगळ्या आडांत सारखे पाणी नसते, हे मला मान्य आहे. पण कुठल्या आडात किती पाणी आहे, हे दोर पुरेसा लांब होईपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. आईबापांना नाही, शिक्षकाला नाही, त्या मुलाला स्वतःलाही नाही. या प्रस्तावनेत मला सांगायचे आहे ते एवढेच. पुढचा मजकूर म्हणजे त्याचा पुरावा.

पुरावा घरापासूनच सुरू करतो. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. हे साल नीट ध्यानात घ्या. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला 1951 मध्ये. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा एलुरूला झाली 1955 मध्ये. मॅन्युएल एरन भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले 1961 मध्ये, आणि विश्वनाथन आनंद पहिला ग्रँडमास्टर झाला 1988 मध्ये. म्हणजे देशात या खेळाची मोठी संस्था नव्हती, किताब नव्हते, नोकऱ्या नव्हत्या, बक्षिसांचे आकडे नव्हते, तेव्हा कृष्णाकाठच्या एका गावात एक माणूस पट मांडून बसला होता. कुठले मूल पुढे चमकेल, हे त्या वेळी त्यांना कोण सांगणार होते? त्यांनी आधी दोर वळला. पोहरे नंतर आले.

आणि भरून आले. सांगलीच्या पटावर घडलेल्या भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, 1991 मध्ये आशियाई विजेत्या झाल्या, पद्मश्री आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. पुढच्या पिढीत सांगलीचीच स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली. सांगलीच्या पाण्यात बुद्धिबळ आहे, असे लोक कौतुकाने म्हणतात. कृष्णेचे तेच पाणी महाबळेश्वराहून निघते, वाई आणि माहुलीवरून, कऱ्हाडच्या संगमावरून वाहत सांगलीला येते. पाण्यानेच खेळाडू झाले असते तर ते वाटेत सगळीकडे सारखेच झाले असते. फरक पाण्यात नव्हता. सांगलीत वर्षानुवर्षे संध्याकाळी उघडणारी एक खोली होती, तिथे हरलेल्या मुलाला 'चल, परत मांड' म्हणणारे कोणीतरी होते, आणि दर उन्हाळ्यात होणाऱ्या स्पर्धा होत्या.

साताऱ्याकडचे चित्र निराळे होते, आणि ते मी आतून पाहिले आहे. मला बुद्धिबळ शिकवले माझ्या आजोबांनी, आमच्या घराच्या ओसरीवर. त्यांचा डाव देशी पद्धतीचा. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे. किल्लेकोट नव्हता, शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची चाल करता यायची. पलीकडच्या टोकाला गेलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल तेच मोहरे व्हायचे. आणि प्याद्याने केलेली मात, प्यादेमात, हा सर्वांत मोठा मान. आजोबा कुठलेही पुस्तक न वाचता आठ-दहा चाली पुढचे बघत. पंचक्रोशीत त्यांच्यासमोर बसायला लोक कचरत. त्यांच्याकडे उपजत काही नव्हते, असे कोण म्हणेल? पण त्यांचे डाव कोणी लिहून ठेवले नाहीत, त्यांच्यापेक्षा वरचढ माणूस त्यांना समोर मिळाला नाही, आणि जगातला खेळ कुठे पोहोचला आहे ते त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. ते गेले तेव्हा त्यांचे बुद्धिबळही त्यांच्याबरोबर गेले. उपजत बुद्धीला दोर मिळाला नाही तर काय होते, याचे माझ्यापुरते उदाहरण ते आहे, आणि ते मला आजही सलते.

याच देशी पद्धतीत वाढलेल्या एका माणसाला मात्र जग दिसले. पंजाबातले मीर सुलतान खान. वडिलांकडून नवव्या वर्षी खेळ शिकलेले, सर उमर हयात खान यांच्या आश्रयाला असलेले. 1929 मध्ये ते मालकाबरोबर इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले. 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा झाले. हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघाच्या पहिल्या पटावर खेळले. उपजत प्रतिभेचा पक्ष मांडायचा तर याहून मोठा साक्षीदार शोधून सापडणार नाही, आणि त्याची साक्ष मी मनापासून मानतो.

पण ती साक्ष पुरती ऐकली पाहिजे. सुलतान खान यांचे मध्यडाव आणि अंत्यडाव जगातल्या अव्वल खेळाडूंच्या तोडीचे होते; सुरुवात मात्र कच्ची. याचे कारण त्यांच्या बुद्धीत नव्हते. देशी डावात प्यादी एकेक घर सरकत, त्यामुळे दोन्ही फौजा उशिरा भिडत आणि पहिल्या दहा चालींचे शास्त्र तयार होण्याची गरजच पडली नाही. युरोपात ते शास्त्र पुस्तकांत होते आणि त्या पुस्तकांवर त्यांचा खेळ घडलेला नव्हता. अनेक डावांत सुरुवातीचा वेळ ते वाईट जागेवरून सावरण्यात घालवत आणि मग जिंकत. 1933 च्या अखेरीस ते मायदेशी परतले आणि मोठ्या स्पर्धांत पुन्हा दिसले नाहीत. मनात येते, त्या माणसाला शिकवणारा एखादा दुभाषा आणि पाच वर्षांची बैठक मिळाली असती तर?

हा प्रश्न केवळ बुद्धिबळाचा नाही, हे आपल्या भागातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले. अंगात ताकद, चपळाई, डावपेच सगळे होते; पण कुस्ती लाल मातीतली, आणि तिथे मॅट आणि परक्या देशाचे नियम. त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढची चार वर्षे त्यांनी तेच नियम आणि तोच पृष्ठभाग अंगवळणी पाडायला दिली, आणि 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा 1948 मध्येही खाशाबाच होते. चार वर्षांत त्यांच्या आडातले पाणी वाढले नाही. दोर लांब झाला. आणि तो दोर त्यांचा एकट्याचा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, म्हणून ते हेलसिंकीपर्यंत पोहोचले.

आता मी डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग. सांगलीतलीच उन्हाळी स्पर्धा. खटाव तालुक्यातला अकरा वर्षांचा एक मुलगा काकाकडून खेळ शिकून आला होता. पुस्तक त्याने पाहिलेले नव्हते. डाव अंत्यावस्थेला आला. त्याच्याकडे राजा आणि एक प्यादे, समोर नुसता राजा. नवखी मुले अशा वेळी घाईने प्यादे पुढे रेटतात आणि डाव बरोबरीत सुटतो. या मुलाने प्याद्याला हात लावला नाही. तो डोके धरून बसला. बराच वेळ गेल्यावर त्याने राजा प्याद्याच्या पुढे काढला, दोन राजे समोरासमोर आणले, मध्ये एक घर ठेवले, आणि चाल प्रतिस्पर्ध्यावर आणली. आता समोरच्या राजाला बाजूला सरकणे भाग होते. कोणी न शिकवता त्या पोराने अंत्यडावाचा पाया स्वतःच खोदून काढला होता. माझ्या अंगावर काटा आला.

शेजारच्या पटावर थोड्या वेळाने साधारण तशीच स्थिती आली. तिथे सांगलीची दहा वर्षांची मुलगी होती. तिने एका श्वासात राजा पुढे घेतला, चाल लिहिली, घड्याळ दाबले. तिला विचार करायची गरजच नव्हती. ही स्थिती तिच्या वहीत होती आणि तिने ती शंभर वेळा मांडली होती. ती जिंकली. खटावच्या मुलाचे घड्याळ मात्र प्यादे सातव्या घरात असताना संपले. समोर नुसता राजा असल्याने नियमाने तो हरला नाही, बरोबरी मिळाली. पण जिंकलेला डाव हातातून गेला. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "सर, सापडलं होतं, पण वेळ संपला."

या वाक्याने मला त्या जुन्या प्रश्नाकडे नव्याने बघायला शिकवले. त्या दिवशी त्या दोघांत जास्त प्रतिभा कोणाची, हे मी सांगू शकत नाही. कोणालाच सांगता येणार नाही. मुलाने जे शोधले ते विलक्षण होते, पण शेकडो वर्षांत अनेकांनी शोधून, लिहून, तपासून ठेवलेली गोष्ट पुन्हा शोधण्यात त्याची बुद्धी खर्ची पडली. मुलीची बुद्धी तेवढा वेळ मोकळी राहिली. अभ्यास प्रतिभेच्या जागी बसत नाही. तो प्रतिभेची फुकट जाणारी मेहनत वाचवतो, म्हणजे ती जिथे खरोखर लागणार आहे तिथे शिल्लक राहते.

शास्त्रज्ञांनी या प्रश्नावर पुष्कळ काम केले आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रोट यांनी 1946 मध्ये थोर खेळाडूंच्या विचारप्रक्रियेवर प्रबंध लिहिला. थोर खेळाडू सामान्यांपेक्षा फार जास्त चाली पुढचे बघतात, अशी सर्वांची समजूत होती. त्यांना आढळले की तसा मोठा फरक नाही. थोर खेळाडूला योग्य चाल मुळात आधी दिसते. पुढे 1973 मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक साधा पण फार बोलका प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि पट झाकून ती पुन्हा मांडायला सांगायचे. कसलेल्या खेळाडूने बहुतेक मोहरी बरोबर मांडली, नवख्याला मोजकीच जमली. मग तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली. आता कसलेला खेळाडू जवळजवळ नवख्याच्या पातळीवर आला. म्हणजे ती अफाट स्मरणशक्ती नव्हती. वर्षानुवर्षे पाहिलेल्या स्थितींचे हजारो आकार त्याच्या डोक्यात मुरलेले होते आणि तो पटावर मोहरी बघतच नव्हता, ओळखीचे आकार बघत होता. मराठी वाचणारा माणूस जसा अक्षरे न जुळवता शब्द वाचतो, तसा. ज्याला आपण 'डोकं' म्हणतो त्याचा मोठा भाग हा असा साठवलेला अभ्यास आहे.

इथेच थांबून अभ्यासाचा जयजयकार केला तर ते अर्धसत्य होईल. गिलेर्मो कॅम्पितेली आणि फेर्नांद गोबे यांनी 2007 मध्ये अर्जेंटिनाच्या खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मास्टर पातळी गाठायला कोणाला सुमारे 3,000 तास पुरले, कोणाला 23,000 हून अधिक लागले, आणि काही जण 25,000 तास घालूनही तिथे पोहोचले नाहीत. हा आकडा मी माझ्या विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. आड सारखे खोल नसतात. एकाचे पाणी हाताला लागते, दुसऱ्याला तोच पोहरा आठपट दोराने सोडावा लागतो. प्रतिभा खरी आहे, आणि ती नाकारून मुलांना खोटी आशा दाखवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पण त्याच वर्षी आलेला दुसरा अभ्यास प्रत्येक पालकाने जपून ठेवावा असा आहे. मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी शाळकरी वयाच्या बुद्धिबळपटूंची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि त्यांचा सराव मोजला. सगळ्या मुलांत बुद्ध्यांकाचा खेळाशी संबंध दिसला, पण सरावाचा संबंध अधिक ठळक होता. आणि त्यांच्यातल्या सर्वांत चांगल्या मुलांचा गट वेगळा काढला तेव्हा चित्र उलटे झाले. तिथे जास्त बुद्ध्यांकाची मुले खेळात मागे होती, कारण त्यांनी सराव कमी केला होता. ज्यांना सहज जमते ती बसत नाहीत. जी बसतात ती पुढे जातात. साताऱ्यात आणि सांगलीत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की तो निष्कर्ष वाचताना मला एकेका मुलाचा चेहरा आठवला.

सर्वोच्च पातळीवरही हेच दिसते. कापाब्लांका चार वर्षांचे असताना वडिलांचा डाव बघून खेळ शिकले, असे सांगतात; त्यांच्या खेळातली सहजता आजही थक्क करते. 1927 मध्ये ब्युनोस आयर्सला त्यांचे जगज्जेतेपद अलेक्झांडर अलेखाइन यांनी घेतले, आणि अलेखाइन यांनी त्यांच्यावर त्याआधी कधी एक डावही जिंकला नव्हता. 34 डावांत अलेखाइन यांचे 6 विजय, कापाब्लांकांचे 3, बाकी 25 बरोबरी. अलेखाइन यांनी लढतीच्या आधी प्रतिस्पर्ध्याचे डाव एकेक करून चिरफाड करावी तसे तपासले होते. प्रतिभा दोघांकडेही होती. फरक बैठकीचा होता.

बैठक हा शब्द मी मुद्दाम वापरतो. शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या परंपरेतल्या गाण्याबद्दल बोलताना कोणी 'गळा की रियाज' असा वाद घालत नाही. गळा लागतोच, पण गळा आहे म्हणून कोणी मैफलीत बसवत नाही. तालमीतही वस्ताद अंगलट बघतो, पण 'अंग आहे' म्हणून जोर-बैठका माफ करत नाही. गाण्यात आणि कुस्तीत जे आपण पिढ्यान् पिढ्या जाणतो, ते बुद्धिबळात का विसरतो? बहुधा खेळाच्या नावातच 'बुद्धी' आहे म्हणून. बुद्धी देवाघरची देणगी, अशी आपली समजूत. आणि देणगीसाठी मेहनत करायची असते, हे मनाला पटत नाही.

या समजुतीची दुसरी बाजू फार कडू आहे. बुद्धी जन्माने मिळते असे एकदा मानले की ती कोणाच्या घरात जन्मते आणि कोणाच्या नाही, याचे निवाडे सुरू होतात. साताऱ्याने हे निवाडे खोटे ठरताना पाहिले आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उघडले, आणि 'कमवा आणि शिका' म्हणत ज्यांच्या घरात अक्षर नव्हते त्या घरांतली मुले शिकवली. त्या मुलांत डोके आहे की नाही, हे त्यांनी आधी विचारले नाही. आधी जेवण, वही आणि दिवा दिला. डोके मागाहून साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बुद्धिबळाच्या शिक्षकाला यापेक्षा मोठा धडा कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

मुलींच्या बाबतीतही हाच निवाडा दिला गेला. मुलींना हा खेळ जमत नाही, असे जगभर छातीठोकपणे म्हटले जाई. हंगेरीच्या लाझलो पोल्गार यांनी आपल्या तीन मुलींना घरी शिकवून दाखवले. 1991 मध्ये थोरली झुझा पुरुषांच्याच निकषांवर ग्रँडमास्टर झाली आणि धाकटी ज्युडिट पंधराव्या वर्षी. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तीन मराठी बहिणींची गोष्ट तिच्या कितीतरी आधीची आहे, ती आपल्याकडेच कमी सांगितली जाते. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर मूळचे सांगलीचे. त्यांच्या मुंबईतल्या घराण्यात, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या घरी, वासंती, जयश्री आणि रोहिणी या बहिणी वाढल्या. 1974 मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली ती वासंती यांनी जिंकली. जयश्री 1979 मध्ये भारताच्या पहिल्या महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या. रोहिणी पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या आणि 1981 मध्ये आशियाई विजेत्या ठरल्या. त्याआधी 1976 मध्ये तेराव्या वर्षी त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या. त्यावर एवढा गदारोळ झाला की शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले की स्त्रियांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही.

एकाच घरात तीन बहिणी अजिंक्य होतात, तेव्हा काही जण म्हणतील की हे रक्तातच होते. असेलही. पण रक्तात होते ते बाहेर यायला त्या घरात रोज पट मांडला जात होता, बरोबरीची खेळाडू समोर बसलेली होती, आणि 'मुलींचं हे काम नाही' असे म्हणणारे कोणी नव्हते. ज्या असंख्य घरांत हे तीनही नव्हते, तिथल्या मुलींच्या रक्तात काय होते, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. खरा तोटा तो आहे.

म्हणून पालकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. जगातल्या पहिल्या शंभरांत कोण जाईल, यात उपजत देणगीचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या हातात नाही. पण तुमचे मूल चांगला खेळाडू होईल का, डाव समजून खेळेल का, हरल्यावर उभे राहील का, यात अभ्यासाचा वाटा कितीतरी मोठा आहे, आणि तो पूर्णपणे आपल्या हातात आहे. आणि त्या मुलात देणगी आहे की नाही, हे कळण्याचा रस्ताही अभ्यासातूनच जातो. दोन वर्षे मन लावून केलेल्या अभ्यासाआधी दिलेला कुठलाही निकाल, मग तो कौतुकाचा असो की नापसंतीचा, मी मानत नाही. आठव्या वर्षी 'हा पुढचा आनंद' असे म्हणवले गेलेले मूल पहिल्या सलग पराभवात मोडते, हेही मी पाहिले आहे.

अभ्यास म्हणजे काय, हेही स्पष्ट करतो. मोबाइलवर दिवसाला पन्नास झटपट डाव खेळणे हा अभ्यास नव्हे. सुरुवातीच्या वीस चाली घोकून पाठ करणे हाही नव्हे. आपला हरलेला डाव लिहून काढणे, दुसऱ्या दिवशी तो पटावर मांडणे, चूक नेमकी कुठल्या चालीला झाली आणि त्या वेळी आपण काय विचार करत होतो हे प्रामाणिकपणे वहीत लिहिणे, हा अभ्यास. थोडी मोहरी असलेल्या अंत्यडावांपासून शिकत वर जाणे, म्हणजे प्रत्येक मोहऱ्याची ताकद हाताला कळते, हा अभ्यास. आपल्यापेक्षा वरचढ खेळणाऱ्यासमोर हरण्यासाठी बसणे, हा तर सर्वांत मोठा अभ्यास. माझ्या आजोबांना नेमके हेच मिळाले नाही.

हे पुस्तक त्याच क्रमाने रचले आहे. पहिल्या भागात राजा आणि प्यादे, दुसऱ्यात हत्तीचे अंत्यडाव, तिसऱ्यात मध्यडावातले हल्ले आणि बचाव, आणि सुरुवातीच्या चाली सर्वांत शेवटी. एका बैठकीत दोनच स्थिती सोडवा. उत्तर पाहण्याआधी किमान दहा मिनिटे पटाकडे बघा. त्या दहा मिनिटांत जे घडते ते उत्तरात लिहिलेले नसते.

शिक्षकांना एक विनंती. गावात एखादी खोली मिळवा, चार पट आणा, आठवड्यातले तीन दिवस ठरलेल्या वेळी ती उघडा, आणि येईल त्या मुलामुलीला बसवा. निवडून घेऊ नका. पडसलगीकरांनी 1941 मध्ये एवढेच केले होते. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इथे आज अशा खोल्या हव्या आहेत.

आणि पालकांना शेवटचे सांगणे. डोके आहे का, हे मला विचारू नका. आज संध्याकाळी जेवणाआधी मुलासमोर पट मांडा, दोन राजे आणि एक प्यादे ठेवा, या पुस्तकाचे पहिले पान उघडा, आणि त्याच्या समोर बसा.